नदीकाठ कोणाचा? : मुंबईबाहेरच्या घराचा इतिहास आणि आपण

'घर पाहावे बांधून' ही म्हण ज्यांनी रचली त्यांच्यापुढे घर बांधण्याचा खर्च होता, खटपट होती. घर कोठे बांधावे हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. ती जागा जातीने आधीच ठरवून ठेवलेली होती. म्हणूनच आज मुंबईतल्या चाळीत वाढलेला आपला एखादा कारकून, शिक्षक किंवा रेल्वे कामगार निवृत्तीचे पैसे आणि बँकेचे कर्ज एकत्र करून बदलापूरला, वांगणीला किंवा टिटवाळ्याला घर बघायला जातो तेव्हा तो केवळ खासगी व्यवहार करीत नाही. त्याच्या घराण्यात राहण्याची जागा स्वतः निवडणारा तो बहुधा पहिला किंवा दुसरा माणूस असतो. ही निवड त्याला कशी मिळाली, ती खरोखर निवड आहे काय, आणि 'नदीकाठचे निसर्गरम्य घर' अशी जाहिरात त्याच्या हातात पडते तेव्हा त्या नदीचा आणि त्याचा पूर्वीचा संबंध कोणता, याचा विचार आपल्या समाजात फारसा झालेला नाही. तो करण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम नदीचा विचार करू. नदीकाठी संस्कृती फुलली, असे आपल्याला शाळेपासून शिकवले गेले. त्या संस्कृतीत नदीचे वाटप कसे झाले होते हे मात्र शिकवले गेले नाही. गावाचा पाणवठा एक नसे. वरच्या अंगाला देवळाचा घाट, त्याखाली कुणब्यांचा पाणवठा, त्याखाली गुरे पाण्यावर येण्याची जागा आणि सर्वांत खाली आमचा व मांगांचा पाणवठा. वाहते पाणी खालून वर जात नाही, एवढे भौतिकशास्त्र वर्णव्यवस्थेला पक्के ठाऊक होते. महारवाडाही बहुधा वाऱ्याच्या आणि पाण्याच्या उतारालाच असे. म्हणजे नदी सर्वांची होती, पण ती सर्वांना वापरून झाल्यावर आमच्यापर्यंत येत होती. पूर येई तेव्हा हा क्रम उलटा होई. पाणी प्रथम खालच्या वस्तीत शिरे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना कागदावर खुले झाले. कागद आणि पाणी यांतले अंतर किती असते हे मार्च १९२७ मध्ये महाडला दिसले. महाड हे सावित्री नदीकाठचे व्यापारी गाव. तेथल्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्या हक्कावर मुंबई उच्च न्यायालयाची मोहोर उमटायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे! पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नाव घेऊन उल्लेख आला. तो शब्दांचा फुलोरा नव्हे. या देशात माणसाला पाण्यापासून तोडण्यात आले होते, याचा तो कबुलीजबाब आहे.

आता शहराचा विचार करू. गाव सोडणे हीच आमच्या मुक्तीची पहिली पायरी होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाचा समाचार घेतला आणि खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याचे स्पष्टपणे सांगितले. त्या शब्दांमागे आपल्या हजारो माणसांचा अनुभव होता. १८५३ साली १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली, १८५६ मध्ये उल्हास नदीच्या खोऱ्यातून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून वर. या लोहमार्गाने कोकणातला आणि देशावरचा माणूस मुंबईच्या गोदीत, गिरणीत, रेल्वेच्या कारखान्यात आणून सोडला.

पण शहरानेही आपल्याला जागा निवडू दिली नाही. गिरणीत विणकाम खाते आपल्याला बंद होते. कांडीचा धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने सवर्ण कामगार विटाळे. जास्त पगाराचे खाते या विटाळाने राखले गेले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. कामगारांची एकजूट म्हणजे काय, हे त्यांनी कामगार पुढाऱ्यांनाच विचारले. जे खात्यात तेच खोलीत. सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्या चाळींतून बहुधा एका जातीची, एका तालुक्याची माणसे एकत्र राहिली. स्वतः बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत सुमारे दोन दशके राहिले. आधी, १९१७ मध्ये बडोद्यात नोकरी असूनही त्यांना राहायला खोली मिळाली नव्हती. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले होते. जगातल्या मोठ्या विद्यापीठाची पदवी असलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर नाही, हा घराच्या इतिहासातला प्रसंग आपण विसरता कामा नये.

तरीही या चाळींनी एक गोष्ट दिली. खोली लहान होती, पण शेजार आपला होता. चाळीच्या गच्चीवर सभा झाल्या, व्हरांड्यात अभ्यास झाले, समता सैनिक दल उभे राहिले, बुद्धविहारे झाली. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल पेटली, १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले, तेव्हा या वस्त्या टिकल्या त्या भिंतींच्या जोरावर नव्हे. एका हाकेसरशी खाली उतरणारी माणसे तेथे होती म्हणून त्या टिकल्या. ही हाक ऐकू येण्याचे अंतर हे घर निवडण्याचे एक माप आहे. जाहिरातीत ते छापलेले नसते.

हा शेजार मोडला तो १९८२ नंतर. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडल्या आणि जमिनीचे भाव चढले. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जागेचे वाटे ठरले होते : काही मोकळ्या मैदानाला, काही घरांना, काही मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलून हे वाटे केवळ रिकाम्या जमिनीपुरते उरले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या वाट्याला २०१२ पासून सोडती आल्या. तोवर कामगारांची एक पिढी खोली विकून, गावाची वाट धरून किंवा मध्य रेल्वेच्या पुढच्या पुढच्या स्थानकावर उतरून निघून गेली होती. डोंबिवली महाग झाली तेव्हा कल्याण, कल्याण महाग झाले तेव्हा अंबरनाथ, मग बदलापूर, मग वांगणी, नेरळ. याला 'उपनगराची निवड' म्हणणे म्हणजे ढकलल्या गेलेल्या माणसाला प्रवासी म्हणणे होय.

येथे एक तुलना केली पाहिजे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावण्या उघडल्या गेल्या आणि १९४९ मध्ये त्यांचे उल्हासनगर झाले. त्या माणसांनी भयंकर सोसले होते. त्यांना छप्पर मिळाले हे योग्यच झाले. आमचे म्हणणे एवढेच की शासनाने मनात आणले तर विस्थापितांसाठी नदीकाठी अख्खे शहर उभे राहू शकते, हे त्याच उल्हास नदीच्या काठाने दाखवून दिले आहे. गिरणगावातून विस्थापित झालेल्यांसाठी तसे काही मनात आले नाही.

ज्या नदीकाठी आपण आता जाऊन राहतो आहोत, ती उल्हास नदी आपल्याला परकी नाही, हेही सांगितले पाहिजे. राजमाचीच्या डोंगरातून ती उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणला येते आणि वसईच्या खाडीला मिळते. कल्याण हे सातवाहन काळातले नामांकित बंदर. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत आणि त्यांत व्यापाऱ्यांबरोबर सोनार आहे, लोहार आहे. हाताने काम करणारा माणूस बुद्धसंघाला दान देतो आणि त्याचे नाव, धंदा आणि गाव दगडावर कोरले जाते. या खोऱ्यातला तो पहिला लिखित समाज आहे. १९५६ नंतर बौद्ध झालेला आपला माणूस कल्याण-बदलापूरला घर घेतो तेव्हा तो अनोळखी मुलखात जात नाही. जो वारसा गावकुसाने त्याच्यापासून तोडला होता, त्याच्याच काठावर तो येतो. मात्र वारसा आहे म्हणून पाया पक्का होत नाही. त्यासाठी आजची नदी पाहिली पाहिजे.

आजची नदी ही पूर्वीची नदी नव्हे. १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि घाटावरचे आंद्र नदीचे, म्हणजे मूळ पूर्वेकडे जाणारे पाणी बोगद्यातून पश्चिमेला उतरू लागले. उल्हास उन्हाळ्यात वाहते ती मुख्यतः या पाण्यावर. १९७२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण झाले. पुढे त्याची उंची वाढवण्यात आली आणि आदिवासींचे पाडे व शेते पाण्याखाली गेली. ठाणे जिल्ह्यातल्या कारखान्यांना आणि नोकरदारांच्या नळांना जे पाणी येते, त्याची किंमत ठाकूर-कातकऱ्यांनी भरली आहे. इमारतींच्या विटाही नदीकाठच्या भट्ट्यांवर उचल घेऊन राबणाऱ्या कातकरी कुटुंबांनी थापलेल्या आहेत. शहरातून ढकलला गेलेला दलित नदीकाठच्या ज्या घरात शिरतो, त्याच्या पायाखालून कोणीतरी आधीच ढकलला गेलेला असतो. हे आपल्याला अवघडल्यासारखे वाटले पाहिजे. ज्याला ते वाटत नाही त्याने केवळ पाणवठा बदलला आहे, व्यवस्था बदललेली नाही.

आणि पूर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. देशभर चर्चा झाली ती मुंबईची आणि मिठी नदीची. त्याच वेळी उल्हास नदीचे पाणी बदलापूर, कल्याण परिसरातल्या तळमजल्यांवरून गेले, त्याची चर्चा मुंबईच्या मानाने फारच थोडी झाली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. लोहमार्ग नदीच्याच खोऱ्यातून नेलेला आहे, त्यामुळे नदी फुगली की घर आणि घराकडे जाणारी वाट दोन्ही एकाच वेळी बुडतात. बदलापूरला नदीची धोक्याची पातळी १७.५० मीटर आहे. हा आकडा घर विकणारा सांगत नाही. तो आपण विचारला पाहिजे.

याबाबत शासनाचे नियम आहेत. पाटबंधारे खाते नदीच्या दोन्ही काठांवर निळी रेषा आणि लाल रेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जेथवर चढते ती निळी रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोचतो ती लाल रेषा. निळ्या आणि लाल रेषेमधल्या पट्ट्यात बांधकाम निर्बंधांसह. गावकुसाची रेषा न शिकवताच आपल्याला ठाऊक होती. या दोन रेषा शिकून घ्याव्या लागतील. कारण बाजाराचा नियम सरळ आहे : जी जमीन बुडते ती स्वस्त असते, आणि जी स्वस्त असते ती ज्यांच्यापाशी कमी पैसे आहेत त्यांना 'निसर्गरम्य' म्हणून विकली जाते. पूर्वी उताराचा पाणवठा जातीने आपल्या वाट्याला दिला, आता तो हप्त्याने दिला जाऊ शकतो. तेव्हा कागद पाहावा, सात-बारा पाहावा, नगरपरिषदेची बांधकाम परवानगी पाहावी, पूररेषेचा नकाशा पाहावा आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे २००५ आणि २०१९ मध्ये पाणी कोठवर आले होते हे जुन्या रहिवाशाला विचारावे. तो रहिवासी बहुधा कोळी, आगरी किंवा आदिवासी असेल. नदीचे ज्ञान त्याच्यापाशी आहे.

दुसरा प्रश्न दाराचा आहे. मुंबईतली सहकारी गृहरचना जातीच्या मुशीतूनच निघाली. १९१५ मध्ये गावदेवीला सारस्वतांची सोसायटी झाली, ती या शहरातली पहिली. दादरला हिंदू कॉलनी झाली, पारशी कॉलनी झाली. बाबासाहेबांनी त्याच हिंदू कॉलनीत राजगृह बांधले आणि पुस्तकांना माणसाइतकी जागा दिली, हे त्या वसाहतीच्या नावाला दिलेले सर्वांत सडेतोड उत्तर होते. पण सहकाराच्या नावाने चालणारे वेगळेपण संपले नाही. २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते राखणारा पोटनियम वैध ठरवला. अल्पसंख्य समाजाला आपली वसाहत जपाविशी वाटणे समजू शकते. परंतु तोच आधार बहुसंख्यांच्या हातात गेला की सोसायटीचे फाटक हे गावकूस होते. तेथे जात विचारली जात नाही. आडनाव विचारले जाते, मांसाहार विचारला जातो, घरात कोणाच्या तसबिरी आहेत ते डोकावून पाहिले जाते. नव्या शहरात जुनी वस्ती नसते म्हणून जातही नसेल, असे मानणाऱ्यांनी तेथल्या भाड्याच्या घरासाठी एकदा फिरून पाहावे.

तिसरा प्रश्न वेळेचा. मुंबईच्या शिवाजी महाराज टर्मिनसपासून बदलापूर सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन येऊन १३६. रोजचे तीन तास गाडीत. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले, त्यांतले काही मेले. त्या दारात कोणी हौसेने उभे नव्हते. घराची किंमत सांगताना हे तीन तास कोणी धरीत नाही. चाळीतला माणूस कामावरून येऊन सभेला जाऊ शकत होता, रात्रशाळेत शिकवू शकत होता, नियतकालिकासाठी लिहू शकत होता. रात्री नऊला फलाटावर उतरणारा माणूस काय वाचणार आणि केव्हा लिहिणार? आपल्या चळवळीची ओहोटी पुढाऱ्यांच्या फुटीमुळे झाली हे खरेच. पण ती लोकलच्या वेळापत्रकामुळेही झाली, हे मान्य करायला हवे.

मग काय, जाऊ नये? असे आम्ही म्हणत नाही. १६० चौरस फुटांच्या खोलीचे गोडवे गाणे हे त्या खोलीत सात माणसांसह न राहिलेल्यांना शोभते. बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास २०१७ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांनी का होईना, जागा न सोडता घर मिळू शकते. पण बहुतेकांच्या नशिबी ते नाही, आणि मुलीला अभ्यासाला खोली हवी ही गरज थांबत नाही. जायचे तर जाणे हा आपला कार्यक्रम झाला पाहिजे, आपली पांगापांग होता कामा नये.

याला आपल्याकडे आधार आहे. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित परिषदेने अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी केली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोग सुचवला : पडीक सरकारी जमीन घ्यावी आणि तेथे अनुसूचित जातींच्या वसाहती वसवाव्यात. आपण या योजनेकडे केवळ खेड्याचा प्रश्न म्हणून पाहिले आणि ती बाजूला ठेवली. तिचा गाभा वेगळाच आहे. एकट्याने स्थलांतर केले तर माणूस दुसऱ्याच्या दयेवर जातो. संघटितपणे केले तर तो नागरिक म्हणून जातो. आज सरकारी जमिनीची वाट न पाहताही हे तत्त्व वापरता येईल. दहा कुटुंबांनी मिळून एकाच वस्तीत घरे घ्यावीत. लाल रेषेच्या वर घ्यावीत. सोसायटी स्थापन होताना तिच्या समितीवर आपली माणसे, त्यातही आपल्या बाया, असाव्यात आणि पोटनियमांत कोणालाही जातीवरून, धर्मावरून, अन्नावरून दार बंद होणार नाही असे लिहून घ्यावे. हे आपल्यापुरते नव्हे, मुसलमानासाठी आणि भटक्यासाठीही. वाचनालयाची एक खोली घराच्या आधी ठरावी. आणि ज्या आदिवासीची जमीन त्या पाण्याखाली किंवा त्या इमारतीखाली गेली, त्याच्या मोर्चात आपण असावे.

नदी वरून खाली वाहते, हा निसर्गाचा नियम आहे. माणसांची वस्ती वरून खाली लावणे हा नियम निसर्गाचा नव्हे; तो माणसांनी केला आणि माणसांनी मोडायचा आहे. आपले आजोबा उतारावर राहिले कारण त्यांना तेथे ठेवले गेले होते. नातवाने केवळ दर परवडतो म्हणून पुन्हा उतारावर जाऊन राहावे आणि त्याला प्रगती म्हणावे, यासाठी चवदार तळ्याचे पाणी प्यालेले नव्हते.